कोनाची गो हळद

पाकिटावर ‘कु. प्राची’ एवढंच लिहिलं होतं. केसरने ते उलटून पाहिलं, मग पुन्हा सुलटं केलं. अक्षर कमलेशचं, प्राचीच्या भावाचं होतं; ‘कु.’पुढचं टिंब त्याने इतकं दाबून दिलं होतं की मागून बोट फिरवलं तर लागत होतं. प्राची आता त्रेचाळीस वर्षांची होती. दिघीजवळच्या तिच्या कोळीवाड्यातून अलिबागच्या या फ्लॅटवर गेल्या एकोणीस वर्षांत अकरा लग्नपत्रिका आल्या होत्या, आणि अकराही पाकिटांवर ‘प्राची, केसर’ असं लिहिलेलं होतं. कुमारी नाही, सौभाग्यवती नाही, सहकुटुंबही नाही. दोन नावं आणि मधे स्वल्पविराम. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढल्यामुळे असे आकडे केसरच्या लक्षात राहत. पण त्या स्वल्पविरामावर आपण किती भार टाकला होता ते तिला आता, ओट्याशी उभं राहून, गॅसवरचं दूध वर येताना पाहत असताना कळलं. तिने हात पुढे केला तेव्हा उशीर झाला होता. दूध शेगडीवर सांडलं आणि करपल्याचा वास घरभर झाला.

“काय झालं?” प्राची न्हाणीघरातून म्हणाली. “काही नाही, दूध गेलं. प्रणालीची पत्रिका आलीय.” “आली का? बघू.” ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली, तिने पाकिटातून पत्रिका काढली, भाचीचं नाव वाचलं, नवऱ्या मुलाचं वाचलं, प्रीतम, उरणचा, आणि मग पाकीट टेबलावर ठेवताना ती थांबली. केसर शेगडी पुसत होती. पुसताना तिला पाठीवर कळत होतं की प्राची काय वाचते आहे. “घाईत लिहिलं असेल,” प्राची म्हणाली. केसर म्हणाली, “असेल.” मग दोघी कामाला गेल्या, प्राची हायस्कुलात भूगोल शिकवायला आणि केसर प्रयोगशाळेत. केसरच्या टेबलावर त्या दिवशी खाडीकाठच्या सात विहिरींचे नमुने होते. उन्हाळ्यात खारं पाणी आत सरकतं, विहिरींत मीठ वाढतं. लोक म्हणतात पाणी मचूळ झालंय, आणि बाटली भरून आणतात. अहवालात एक रकाना जड धातूंचा असतो. त्यात ती बहुतेक वेळा ‘आढळले नाही’ असं लिहिते. नवीन आलेल्या मुलांना ती पहिल्या दिवशी सांगते की आढळले नाही म्हणजे पाण्यात नाही असं नव्हे. आपल्या यंत्राला जेवढं दिसतं त्याच्या खाली आहे, एवढंच आपण म्हणतो. नाही असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. मुलं मान हलवतात आणि विसरतात. त्या दिवशी सातव्या बाटलीपुढे ते शब्द लिहिताना तिला वाटलं, आपणसुद्धा पाठ करून विसरलो.

कमलेशचा फोन संध्याकाळी आला. प्राचीचे हात पिठात होते, म्हणून तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला. “ताय, पत्रिका पोचली?” “पोचली.” “एकलीच हायस का?” “केसर आहे.” मागून मंडपाचे बांबू टाकल्याचा आवाज येत होता. “स्पीकरवर हाय का? बंद कर ना जरा.” प्राची म्हणाली, “माझे हात भरलेत. बोल तू.” “मंग बरा हाय, बाईंनी पन आयकूदे.” एकोणीस वर्षं तो तिला केसरताय म्हणत आला होता, बाई हा शब्द त्याने पहिल्यांदाच काढला. “माझ्या मनात काय न्हाय, ताय. आयेची शपथ. पन मुलाकडची मानसं हायत. गनराजचा मेव्हना त्यांच्यातला. तू मागे जा काय बोललीस ना, ता त्यांच्यापावत गेलाय.” प्राची म्हणाली, “मी खोटं बोलले का?” “खऱ्याखोट्याचा कोन बोलतोय. पोरीचा लगीन हाय माझ्या. एवढी वर्सं कोनी काय बोलला तुम्हाला? बाई येवाच्या, जेवाच्या, आये सोडे बांधून देवाची. कोनी इचारला का, या तुझ्या कोन? न्हाय ना? मंग तुम्हीच कशाला नाव काढलाव?” प्राचीचे हात परातीत स्थिर होते. तो म्हणाला, “तू ये. हळदीला ये, लग्नाला ये. तू आत्या हायस. बाईंना एवढ्या बारी ऱ्हावदे.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, खरोखरच वाईट वाटल्यासारखा: “त्यांच्यासाठी जेवान पाठवून देतो.”

प्राची ते बोलली तो ऑक्टोबरातला दिवस केसरला त्यातल्या आवाजांसकट आठवत होता. शाळेला सुट्टी होती म्हणून त्या कोळीवाड्यात गेल्या होत्या. नीराबाई, प्राचीची आई, ओटीवर कोलंबी सोलत बसली होती, सोलून वाळवलेल्या त्या कोलंबीचे सोडे करून ती दरवर्षी दोघींना बांधून द्यायची. आत टीव्हीवर दिल्लीच्या कोर्टाचा निकाल सांगत होते. दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्न करायचा हक्क आहे असं कोर्ट म्हणणार नाही; कायदा करायचा तर संसदेने करावा. कमलेश होता, त्याच्याबरोबर बोटीवर जाणारा गणराज होता, आणखी दोघे चहाला थांबले होते. “सुटला विषय,” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, “ऱ्हातात तर ऱ्हावदे ना, आपल्या काय बापाचा जाताय. लगीन कशाला पायजे?” गणराजला मस्करी केल्याशिवाय चहा गोड लागत नसे. “नीराकाकी, तुझा धंदा बुडाला. बाय नि बाय, दोघींच्या लग्नाचा धवला गायला आसतास तर दुप्पट मान मिळाला आसता. दोन नवऱ्या, दोन लुगडी.” सगळे हसले. नीराबाईने मान वर केली नाही. तिची बोटं कोलंबीचं डोकं मोडत होती, साल काढत होती, धागा ओढत होती. मग गणराज प्राचीकडे वळला, काही मनात न ठेवता, जसा तो तिला पावसाचं विचारे तसा. “ताय, तू मास्तरीन. तू सांग, बरा झाला का वाईट?” केसर दारात बसली होती. प्राची काय बोलणार ते तिला प्राचीच्या आधी कळलं, आणि तिला थांबवता आलं असतं, पाणी मागता आलं असतं. “वाईट झालं रे गणा,” प्राची म्हणाली. “आम्ही दोघी रांगेत पहिल्या उभ्या असतो.” आधी हसू आलं. त्यांना ते मस्करीतलं उत्तर वाटलं. मग हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं, आणि टीव्हीवर सिमेंटची जाहिरात लागली. नीराबाई म्हणाली, “चाय घ्या, निवते.” त्या दिवशी निघताना सोड्यांची पुडी दिली गेली नाही. केसरला वाटलं, विसरल्या.

परतीच्या रस्त्यावर प्राची रडली होती, आणि केसरला आश्चर्य वाटत होतं की आपल्याला फारसं काही वाटत नाहीये. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतला शुभम डबा उघडून म्हणाला, “मॅडम, मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही. ज्याचं त्याने बघावं. फक्त लग्न हा शब्द कशाला ओढायचा त्यात? राहा की एकत्र. कोण नको म्हणतंय?” तो चांगला मुलगा होता, केसरला ताप आला तेव्हा त्याने तिचे चार दिवसांचे नमुने काढून दिले होते. तो तिच्याबद्दल बोलत होता की निकालाबद्दल, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बहुधा त्यालाही कळत नव्हतं. तिने त्याला लोणचं दिलं. तळ्याला, केसरच्या गावी, भावाच्या घरी राहणारी तिची आई शेत नांगरून झालं की फोन करते आणि शेवटी विचारते, “तुझी रूममेट बरी आहे ना?” पंचेचाळीस वर्षांच्या मुलीची रूममेट. या सगळ्यातून केसर अंग चोरून पण सरळ चालत आली होती, कारण तिच्याजवळ एक गोष्ट होती. कोर्टाने नाही म्हटलं ते पुढच्यांना, असं तिने त्या रात्री स्वतःला सांगितलं होतं. आपलं झालंय. आपलं दोन हजार पाच सालीच झालं, आणि जिला लग्नं लावायचा हक्क आहे अशा बाईने लावलं. पुरावा म्हणून दाखवायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तिने तो कधी कोणाला दाखवला नव्हता, तरी तो होता.

नीराबाई धवलारीण होती. म्हणजे कोळ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी, आणि पूर्वी तर भटजीशिवायच, धवले गाऊन लग्न लावणारी बाई. तिच्या तोंडून गाणं झालं की लग्न झालं. केसर त्या घरात येईपर्यंत मात्र तिला बोलवायचं बंद झालं होतं. कमलेशचं लग्न आधीच होऊन गेलेलं, आणि नंतरच्या अकरा लग्नांत हळदीला डीजे, लग्नाला हॉल आणि भटजी. केसर दुपारी हॉलवर जेवायला जाई आणि परत येई. धवला तिने आयुष्यात एकदाच ऐकला, तोही स्वतःच्या घरात. मे महिना होता. फ्लॅटची चावी मिळून दोन दिवस झाले होते, भिंतींना चुन्याचा ओला वास होता. नीराबाई एकटीच आली, पहिल्या बोटीने खाडी ओलांडून, मग एसटीने, आणि तिच्या पिशवीत हळकुंडं, आंब्याची पानं, तांदूळ आणि नारळ होता. “घरभरनी करते,” ती म्हणाली. तिने तांदळाच्या पिठाने चौक काढला. पाट नव्हते म्हणून दोन चादरी चौपदरी घड्या करून मांडल्या आणि दोघींना शेजारी बसवलं. घरभरणीला माणसांना हळद लावतात का, हे केसरला माहीत नव्हतं. पण पानाने पावलांना, मग गुडघ्यांना, मग खांद्यांना, मग कपाळाला, हा क्रम तिने तळ्याच्या लग्नांत पाहिला होता, आणि तो कशाचा आहे हे तिला पक्कं माहीत होतं. नीराबाई गात होती. जाड, सपाट, मधेच चिरणारा आवाज. चव्वेचाळीस मिनिटं, समोर घड्याळ होतं. समुद्राला बोलावलं, एकवीरेला बोलावलं, नारळीला, आंब्याला, हळदीच्या शेताला बोलावलं, आणि शेवटी तिने एकच ओळ तीनदा म्हटली: कोनाची गो हळद, कोनाला लागं. आणि थांबली. आवंढा गिळला, खिडकीबाहेर पाहिलं, म्हणाली, “झाला. भात टाका.” केसरच्या हातात प्राचीचा हात होता. तो ताठ झाला होता, बोटं गार पडली होती, आणि केसरला वाटलं होतं की आनंदाने माणसाचं असं होतं.

दुसऱ्या दिवशी साबणाने पाय धुताना हळद लाल झाली तेव्हा प्राची घाबरली, आणि केसरने तिला न्हाणीघरात उभ्या उभ्या समजावून सांगितलं की साबण अल्कली असतो, हळद त्यात रंग बदलते, रक्त नाहीये ते. दर वर्षी त्या तारखेला त्या नारळाच्या वड्या करीत. आणि दर वर्षी, कधी वड्या थापताना, कधी नंतर अंथरुणात, केसर म्हणे की मला तुझ्या आईच्या गाण्यातलं सगळ्यात काय आवडतं माहितीये, ते प्रश्नावर संपतं. बाकी सगळी लग्नं उत्तरावर संपतात. कोनाची हळद, कोनाला लागं, आणि बस. ज्याने त्याने ओळखावं. प्राची म्हणे, “हं.” एकदा म्हणाली होती, “नारळ जरा जास्त खरवडला गेलाय, काळं आलंय.”

“मी पण जात नाही,” फोननंतर प्राची म्हणाली होती, आणि चार दिवस म्हणत राहिली. केसरने तिला पटवलं. तुझी भाची आहे, तुझ्या मांडीवर मोठी झालीय. शिवाय प्रणालीने हट्ट धरला होता की डीजे रात्री लावा, पण आधी आजीचा धवला पाहिजे, माइकवर पाहिजे, तिला त्याचं रील करायचं होतं. नीराबाई कित्येक वर्षांनी गाणार होती. “तू ऐकून ये,” केसर म्हणाली, “मी आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत सोडते. गाडीत बसेन. दोन तासांचा तर प्रश्न आहे.” तिला स्वतःच्या समंजसपणाचा थोडा अभिमानही वाटला. त्या मुरुडवरून खाली आल्या. वाटेत बोलणं झालं नाही असं नाही. आंबे महाग झालेत, शाळेत दहावीचे निकाल लागायचेत, असं बोलणं झालं. प्राचीने हिरवी साडी नेसली होती. जेट्टीवर फेरीबोट लागलेली होती, तिच्या पोटात एक टेम्पो आणि चार मोटारसायकली चढत होत्या. “येते,” प्राची म्हणाली. खिडकीतून हात घालून तिने केसरचा खांदा दाबला, आणि मग जेट्टीच्या उतारावरून खाली गेली. बोट सुटताना केसरला ती दिसत राहिली, हिरवी, मग काळपट हिरवी, मग इतरांतली एक. केसरच्या मनात आलं की हे अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे, आणि आपण यापेक्षा जवळ कधी गेलोच नव्हतो. इतकी वर्षं आपण त्या ओटीवर बसलो, त्यांच्या ताटात जेवलो, तेव्हाही एवढंच अंतर होतं; भरती होती म्हणून खडक दिसत नव्हते.

ऊन उतरलं. पाणी आधी पितळी झालं, मग शिशाच्या रंगाचं. जेट्टीला बांधलेल्या एका बोटीच्या काठीवर लाल फडकं होतं, ते दिघीकडून इकडे फडकत होतं. दक्षिणेचा वारा होता. चहावाल्याने येऊन विचारलं, “मॅडम, पलीकडं न्हाय जाणार? लास्ट बोटीला टाइम हाय अजून.” ती म्हणाली, “माझी माणसं गेलीत. मी थांबलेय.” माझी माणसं, असं म्हणून झाल्यावर तिने चहा घेतला. मग पलीकडून माइकवर फुंकर मारल्याचा आवाज आला, इतका जवळ की तिने मागे वळून पाहिलं. संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, आणि आवाज वर निसटून जाण्याऐवजी खाली वाकून पाण्यावरून लांबपर्यंत येतो. हे तिला ठाऊक होतं, फक्त आज ते होईल असा विचार तिने केला नव्हता. “हॅलो, हॅलो, माइक चेक. आजी, बोल.” मग काही खरखर, कोणी हसलं, आणि नीराबाई.

आवाज म्हातारा झाला होता. बाकी तोच होता, तिथेच चिरत होता. केसरने गाडीची काच पूर्ण खाली केली. समुद्राला बोलावलं. एकवीरेला बोलावलं. तिला शब्द आधीच येत होते, ओठ हलत होते, आणि तिच्या लक्षात आलं की ती रडत नाहीये, तिला बरं वाटतंय. तिला बोलावलं नव्हतं आणि तरी ती यात होती. हे सगळं तिच्याही अंगावरून एकदा गेलेलं होतं, त्या मांडवातल्या कुठल्याही पाहुण्यापेक्षा तिला ते जास्त माहीत होतं. नारळीला बोलावलं. आंब्याला. हळदीच्या शेताला. मग, कोनाची गो हळद, कोनाला लागं. एकदा. कोनाची गो हळद, कोनाला लागं. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणून झालं, आणि केसरने संपल्यासारखा श्वास सोडला. पण नीराबाईने तिकडे श्वास घेतला होता. तो माइकमध्ये ऐकू आला. आणि ती म्हणाली:

प्रणालीची गो हळद, प्रीतमाला लागं,
प्रीतमाची गो हळद, प्रणालीला लागं.

आणि सगळ्या बायकांनी ती ओळ उचलली, दोन्ही नावं, पुन्हा पुन्हा, वाट पाहत असल्यासारखी, आणि ढोल वाजला, आणि कोणीतरी माइकवर म्हणालं, “लागली गो लागली, आता सुटत न्हाय.”

केसरने काच वर केली. मग पुन्हा खाली केली. स्टिअरिंगवर हात ठेवून ती बसून राहिली. प्रयोगशाळेत एकदा असं झालं होतं की एका मापनयंत्राचं शून्य पहिल्या दिवसापासून सरकलेलं निघालं. यंत्र चालत होतं, आकडे देत होतं, आकडे एकमेकांशी जुळतही होते, आणि तीन वर्षांचे सगळे अहवाल पुन्हा काढून वाचावे लागले. तिने त्या खोलीतला आवंढा पुन्हा वाचला. खिडकीबाहेर पाहणं पुन्हा वाचलं. नीराबाई गाणं अर्ध्यावर विसरत नाही. जिने शेकड्याने लग्नं लावली तिला शेवट ठाऊक होता. ती तिथपर्यंत आली होती. पिठाचा चौक, पानं, पाऊल, गुडघा, खांदा, कपाळ, सगळं तिने मनापासून केलं होतं, आणि नावांच्या ओळीशी येऊन ती थांबली होती, कारण ती ओळ म्हटली असती तर ते झालं असतं. तीनदा विचारून पाहिलं, स्वतःलाच विचारल्यासारखं. उत्तर तोंडातून निघालं नाही. केसरला तिचा राग येईना. कोर्टातले शिकलेले लोक जिथे थांबले तिथेच, त्यांच्या अठरा वर्षं आधी, एक निरक्षर बाई प्रेमाने येऊन थांबली होती. प्रेमाने, हे केसरला अजूनही खरं वाटत होतं, आणि त्याने काहीच बदलत नव्हतं.

मग तिने प्राचीचा हात वाचला. ती धवलारणीची मुलगी. लहानपणापासून आईच्या पदराला धरून मांडवामांडवांत बसलेली, तिला ती ओळ केसरच्या आधी, अक्षरं यायच्या आधी पाठ असणार. चोवीस वर्षांची प्राची चौपदरी चादरीवर बसून तिसऱ्या प्रश्नानंतर आईच्या तोंडाकडे पाहत होती. ओळ येईल म्हणून. ती आली नाही, आणि शेजारी बसलेली बाई हात दाबून हसत होती. त्या वेळी सांगता आलं नसेल. पण दुसऱ्या दिवशी? न्हाणीघरात, हळद लाल झाली तेव्हा, केसर शहाण्यासारखी रसायनशास्त्र शिकवत होती तेव्हा? एकोणीस वेळा वड्या थापताना, प्रश्नावर संपतं ते मला किती आवडतं, असं केसर म्हणत होती तेव्हा? नारळ जास्त खरवडला गेलाय. कमलेश, गणराज, शुभम, तळ्याची आई, या सगळ्यांनी जे केलं, नाव न काढता निभावून नेलं, तेच प्राचीने घरात केलं होतं, तिला जपण्यासाठी, आणि घरातल्या एका माणसाने तरी ते करायला नको होतं. की करायला हवं होतं? तिने विचार करून पाहिला. सांगितलं असतं तर कोणती एकोणीस वर्षं झाली असती, ते तिला काढता येईना. ऑक्टोबरात प्राची सगळ्यांसमोर बोलली ते केसरला धाडस वाटलं होतं. आता तिला दिसलं की प्राचीने ते आईकडे पाहून म्हटलं होतं. रांगेत पहिल्या उभ्या असतो. म्हणजे आमचं झालेलं नाही. तिला तेव्हाच ऐकू यायला हवं होतं. नीराबाईला आलं होतं. तिची बोटं त्या क्षणी थांबली होती.

परतीची फेरीबोट दिवे लावून आली. प्राचीच्या गालांवर, कपाळावर हळद होती, बायकांनी आत्याला सोडलं नव्हतं. तिचे डोळे सुजले होते. ती आत बसली आणि तिने पदराखालून वर्तमानपत्राची पुडी काढून केसरच्या मांडीवर ठेवली. “आयेने दिलेत. तुला. आत बोलावून, दार लावून दिलेत. म्हणाली, तिला सांग सुकवून ठेव, ओल लागू देऊ नको.” सोड्यांचा वास गाडीभर झाला. केसरने पुडी दोन्ही हातांनी धरली. ती जड होती, नेहमीच्या दुप्पट. “कसं झालं?” तिने विचारलं. “छान झालं. आईचा दम पुरत नाही आता. पण म्हटला सगळा.” सगळा, हा शब्द तिच्या तोंडून निघून गेला. पलीकडे डीजे सुरू झाला होता, त्याचे जाड ठोके गाडीच्या पत्र्यालाही जाणवत होते. प्राची समोर बघत होती. मग तिने अगदी सावकाश विचारलं, “इकडे येत होता का आवाज? आईचा?”

केसरने तिच्याकडे पाहिलं. हळदीखाली चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या चेहऱ्यावर एकोणीस वर्षांची वाट पाहणं होतं, ऐकू आलं असावं याची आणि नसावं याचीही. एवढ्या जवळून केसरने ते कधी पाहिलं नव्हतं. तिच्या तोंडात ती ओळ तयार होती, दोन नावांसकट. आत्ता इथे, या गाडीत, ती म्हणता आली असती. कोणी नाही म्हणायला नव्हतं. पण ती ओळ म्हणणारी बाई पलीकडे होती, आणि ऐकून ‘लागली गो लागली’ म्हणणारं या किनाऱ्यावर कोणी नव्हतं.

“नाही,” केसर म्हणाली. “वारा उलटा होता.”

प्राचीने काचेतून बाहेर पाहिलं. जेट्टीच्या दिव्याखाली, बोटीच्या काठीवर, लाल फडकं त्यांच्याच दिशेने ताणून फडकत होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली, बराच वेळ. मग तिने सीटबेल्ट ओढून लावला.

“हो,” ती म्हणाली. “तिकडेही जाणवत होता.”